आसेगावची १.८ इंची तबकडी

दिवाळीच्या सुटीत वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावला गेलो होतो. माझ्या नात्यातले एक निवृत्त शिक्षक तिथे राहतात. सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. पत्त्यांच्या जोडाएवढा, खिशात मावणारा संगीतवादक. "तुम्ही चुंबकत्वावर काम करता ना? मग याला काय झाले ते सांगा," असे म्हणून त्यांनी तो सुरू केला. आतून 'कट्... कट्... कट्' असा आवाज आला, पडद्यावर एक रडवेला चेहरा उमटला आणि यंत्र बंद पडले.

आवाज ऐकताच मी तो पुन्हा सुरू न करण्याची विनंती केली. यंत्र जुने होते, त्याची किंमत आता नगण्य होती. पण आतला ऐवज वेगळा होता. १९९६ ते १९९८ या काळात गुरुजींनी साध्या टेपवर गावातल्या आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आणि भजनी मंडळाची खंजिरी भजने ध्वनिमुद्रित केली होती. तेव्हा वाशीम जिल्हा झालाही नव्हता. तो अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा निघाला. दळण तोवर गिरणीवर गेले होते, पण लग्नाची हळद दळायला जाते मांडले जाई आणि ओव्या पाठ असलेल्या बायका गावात होत्या. अशा ३८ कॅसेट भरल्या. २००६मध्ये पुतण्याने हा संगीतवादक भेट दिला आणि सगळ्या कॅसेट संगणकामार्फत त्यात उतरवूनही दिल्या. पुढे एका पावसाळ्यात माळा गळला आणि मूळ कॅसेट बुरशीने गेल्या. संगणक तर केव्हाच बदलला होता. म्हणजे त्या आवाजांची पृथ्वीवरची एकमेव प्रत माझ्या हातात 'कट् कट्' करत होती.

ही प्रत ज्या वस्तूवर होती ती म्हणजे १.८ इंच मापाची हार्ड डिस्क. या डिस्कचा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्यांनी जरूर माहीत करून घ्यावा असा आहे.

आवाज चुंबकात साठवता येईल ही कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. १८८८मध्ये ओबर्लिन स्मिथ या अमेरिकन अभियंत्याने पोलादाचे कण गुंफलेल्या दोऱ्यावर ध्वनी नोंदवण्याची कल्पना एका विद्युत-नियतकालिकात मांडली. ती प्रत्यक्षात आणली डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सनने, १८९८मध्ये, पोलादी तारेवर. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या यंत्रावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज नोंदवला गेला. तो आजही ऐकता येतो. पुढे १९२८मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप दिला आणि तारेची जागा फितीने घेतली. गुरुजींची कॅसेट ही याच घराण्यातली. तिचा १९६३चा अवतार फिलिप्स कंपनीचा.

फितीची एक अडचण प्रत्येकाने अनुभवली आहे. शेवटचे गाणे हवे असेल तर आधीची सगळी फीत गुंडाळावी लागते. संगणकाला हे परवडत नाही. त्याला शेतातल्या कोणत्याही सरीत थेट उतरायचे असते. म्हणून आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत रे जॉन्सनच्या गटाने फितीऐवजी फिरत्या चकत्या घेतल्या. १९५६मध्ये बाहेर आलेल्या त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या, वजन टनाच्या वर आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आजच्या हिशोबाने हे पावणेचार मेगाबाइट होतात. चार मिनिटांचे एक बऱ्यापैकी प्रतीचे एमपी-३ गाणे साधारण ४.८ मेगाबाइटचे असते. म्हणजे टनभर वजनाच्या त्या यंत्रात एक गाणेही पुरते मावले नसते.

हा ४.८ आकडा कुठून आला, हे विद्यार्थ्यांना काढायला द्यावे. सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावे-उजवे असे दोन मार्ग; म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. कानाला जे ऐकू येणारच नाही ते वगळून उरलेले लिहायचे, ही एमपी-३ची युक्ती. हे मानक १९९२-९३मध्ये पक्के झाले आणि त्यामागे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आदींचे काम होते. त्यामुळे सेकंदाला १,६०,००० बिटांत चांगले संगीत बसते. २४० सेकंदांनी गुणा आणि बिटांचे बाइट करण्यासाठी आठाने भागा: ४८ लाख बाइट. अशी हजार गाणी म्हणजे ४.८ गिगाबाइट.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने पहिला आयपॉड दाखवला तेव्हा 'खिशात हजार गाणी' असा दावा केला होता आणि त्यातली डिस्क पाच गिगाबाइटची होती. हिशोब जुळतो. हार्ड डिस्क घातलेला तो पहिला संगीतवादक मात्र नव्हता. १९९९मध्ये ४.८ गिगाबाइटचा 'पर्सनल ज्यूकबॉक्स' निघाला होता, पण त्यात लॅपटॉपची २.५ इंची डिस्क होती आणि तो खिशाला जड होता. १९९८चे चिपवाले छोटे वादक खिशात मावत, पण ३२ मेगाबाइटमध्ये जेमतेम अर्ध्या-एक तासाचे संगीत. मधली जागा रिकामी होती. जपानच्या तोशिबा कंपनीने १.८ इंची, पाच गिगाबाइटची डिस्क तयार केली होती. तिचे नेमके काय करावे हे तिथे ठरले नव्हते. ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन फेब्रुवारी २००१मध्ये जपानला गेले असता ती त्यांना दाखवण्यात आली. पुढच्या आठ महिन्यांत आयपॉड बाजारात आला.

पण मुळात एवढ्याशा चकतीवर इतके मावले कसे? इथे माझ्या आवडीचा विषय येतो, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

चकतीवरचा एक बिट म्हणजे एका दिशेने चुंबकित झालेला सूक्ष्म ठिपका. ठिपका जितका लहान, तितके त्याचे क्षेत्र क्षीण आणि वाचायला अवघड. जुनी हेड म्हणजे बारीक तारेची वेटोळी; चुंबक जवळून सरकला की फॅरडेच्या नियमाने विद्युतदाब निर्माण होई. नववी-दहावीत आपण जो प्रयोग करून दाखवतो तोच. ठिपके फार बारीक झाल्यावर हा दाब पुरेना. १९८८मध्ये पॅरिसजवळ ओर्से येथे आल्बेर फेर यांचा गट आणि जर्मनीत यूलिख येथे पीटर ग्रुनबर्ग यांचा गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे लोह आणि क्रोमियम यांचे काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक देऊन त्यांचा विद्युतरोध मोजत होते. शेजारच्या लोहथरांची चुंबकीय दिशा एकच असेल तर रोध कमी, विरुद्ध असेल तर जास्त. फेर यांच्या नमुन्यांत अतिशीत तापमानाला हा रोध निम्म्यापर्यंत उतरला. या परिणामाला 'महाचुंबकरोध' म्हणता येईल. अशा थरांचे हेड केले तर क्षीण ठिपकाही प्रवाहात ठळक फरक पाडतो. १९९७मध्ये आयबीएमने अशा हेडची डिस्क विकायला आणली. शोधापासून बाजारापर्यंत अवघी नऊ वर्षे, हे पदार्थविज्ञानात क्वचितच घडते. दोघांना २००७चे नोबेल मिळाले, तोवर त्यांचा शोध कोट्यवधी लोकांच्या खिशात फिरत होता.

ठिपका लहान करण्यालाही मर्यादा आहे. फार लहान चुंबक खोलीच्या तापमानाच्या उष्णतेनेच दिशा बदलतो आणि लिहिलेले पुसले जाते. यावर तोहोकू विद्यापीठातल्या शुन-इची इवासाकी यांनी १९७०च्या दशकात उपाय सुचवला होता: चुंबक चकतीवर आडवे न ठेवता उभे करा. पेन्सिली टेबलावर आडव्या पसरल्या तर थोड्या मावतात, डब्यात उभ्या ठेवल्या तर कितीतरी, आणि प्रत्येकीची लांबी, म्हणजे स्थैर्यही, कायम राहते. या कल्पनेला बाजारात यायला सुमारे तीस वर्षे लागली. २००५मध्ये अशी पहिली डिस्क आली ती तोशिबाची, १.८ इंची, ४० गिगाबाइटची आणि संगीतवादकासाठीच. चौरस इंचात १३३ अब्ज बिट. १९५६च्या यंत्रात चौरस इंचात सुमारे दोन हजार होते. भागाकार वर्गात करावा. साडेसहा कोटींच्या वर जातो. मोठमोठ्या संगणकांच्या आधी हे तंत्र गाणी ऐकण्याच्या यंत्रात यावे, याची मला मौज वाटते.

आता एक शंका येईल. चालताना, एसटीत धक्के खाताना ही चकती टिकत कशी असे? चकती मिनिटाला ४,२०० फेरे घेते आणि हेड तिच्यापासून दहा-पंधरा नॅनोमीटरवर हवेच्या गादीवर तरंगते. आपला केस त्याच्या काही हजार पट जाड असतो. उत्तर असे की चकती बहुतेक वेळ फिरतच नसे. पहिल्या आयपॉडमध्ये ३२ मेगाबाइटची तात्पुरती स्मृती होती. चकती काही क्षण फिरून पुढची वीसेक मिनिटांची गाणी तिथे ओतायची आणि थांबायची. बॅटरीही वाचे. ज्यांनी असे यंत्र वापरले आहे त्यांना मधूनच हाताला जाणवणारी ती बारीक थरथर आठवत असेल. तरीही वर्षानुवर्षांचे धक्के, झिजलेले बेअरिंग, वाळलेले वंगण यांनी एक दिवस हेडला आपली वाट सापडेनाशी होते. वाट शोधायला ते आत जाते, सापडली नाही की मूळ जागी परत येते, पुन्हा जाते. 'कट् कट्' तो हाच आवाज. अशा वेळी डिस्क फ्रीजमध्ये ठेवावी असा एक सल्ला फिरत असतो. तो मानू नये. बाहेर काढल्यावर चकतीवर दव जमते आणि उरलेसुरलेही जाते.

गुरुजींचा वादक मी सोबत नेला. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कवच उकलले (स्क्रू-ड्रायव्हर घालू नये, खाली लिथियम बॅटरी असते आणि ती टोचली गेली तर पेट घेते), डिस्कची कागदासारखी पातळ जोडपट्टी सोडवली आणि जोडणीच्या साहाय्याने डिस्क संगणकाला लावली. तिच्यातल्या फायली उघडण्याच्या भानगडीत न पडता आधी तिची बिट-न्-बिट नक्कल घ्यायला लावली. ३० गिगाबाइट म्हणजे ५१२ बाइटांचे सुमारे पाच कोटी ८६ लाख कप्पे. नक्कल करणारी प्रणाली न वाचता येणारा कप्पा सोडून पुढे जाते आणि सगळे संपल्यावर सोडलेल्यांकडे पुन्हा येते. मरणासन्न डिस्कशी वागण्याची हीच रीत: जे सहज मिळते ते आधी घ्यावे. तीन रात्री लागल्या. शेवटी सुमारे तीन हजार कप्पे हाती लागले नाहीत. ते सगळे गाण्यांतले धरले तरी जेमतेम दीड मिनिटाचा ध्वनी होतो. चौथ्या दिवशी डिस्क फिरायचीही बंद झाली.

मग डिस्कच्या जागी काय बसवायचे? नवी १.८ इंची डिस्क मिळत नाही. आयपॉडचा हार्ड डिस्कवाला शेवटचा प्रकार सप्टेंबर २०१४मध्ये बंद झाला, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी कारण दिले की त्याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. २०२२मध्ये आयपॉड हे नावच संपले. १.८ इंची डिस्कला मारणारी गोष्ट घरातच जन्मली होती. तोशिबाचेच अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश स्मृती शोधली. तिचा 'नँड' हा दाट साठवणीचा प्रकार १९८७मधला. यात काहीच फिरत नाही. विद्युतरोधकाने वेढलेल्या बेटावर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे. ते आहेत की नाहीत यावरून बिट ठरतो. फ्लॅश स्वस्त होत गेली आणि २००५च्या आयपॉड नॅनोपासून डिस्कची गरजच उरली नाही.

जुन्या वादकात डिस्कऐवजी फ्लॅश कार्ड बसवता येते, ही मला या कथेतली सर्वांत शिकवण्याजोगी गोष्ट वाटते. वादक डिस्कला 'चकती अमुक अंशात फिरव' असे सांगतच नाही. तो एवढेच म्हणतो, '४,००,१२७ क्रमांकाचा कप्पा दे.' ही बोली १९८०च्या दशकाच्या मध्यात वैयक्तिक संगणकांच्या डिस्कसाठी ठरली. १९९४मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे कार्ड आले, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी त्याला हीच बोली शिकवली. त्यामुळे ते साध्या जोडपट्टीने डिस्कची जागा घेऊ शकते. कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डाची बोली निराळी, म्हणून मध्ये दुभाषा चिप लागते. वादकाला पलीकडे चकती आहे की चिप, हे कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. गोदामाच्या खिडकीतून पोते मिळाले की झाले. आत हमाल आहे की यंत्र, हे कोण पाहतो?

अर्थात या बोलीलाही तिच्या काळाच्या मर्यादा आहेत. काही जुन्या वादकांत कप्प्याचा क्रमांक २८ बिटांत लिहिला जातो. दोनाचा २८वा घात गुणिले ५१२ म्हणजे १३७ अब्ज बाइटांहून थोडे अधिक. त्यापलीकडचे कप्पे त्या यंत्राला मोजताच येत नाहीत. मोठे कार्ड घालून निराश झालेले लोक कार्डाला दोष देतात. दोष मोजणीत असतो. गुरुजींच्या नातवाने १२८ गिगाबाइटचे कार्ड आणले होते, ते या मर्यादेच्या आत बसले. जोडले, संगणकाकडून वादकाची मूळ प्रणाली पुन्हा भरून घेतली, आणि यंत्र उठून बसले. वजनाला हलके आणि आता संपूर्ण निःशब्द. ३८ तासांच्या ओव्या-भजनांना लागतात जेमतेम २.२ गिगाबाइट; या कार्डात २,२०० तास मावतील. नातू आनंदात होता.

गुरुजी मात्र गप्प होते, आणि त्यांचे बरोबर होते. अशा यंत्रांपैकी काहींत गाणी लपवलेल्या कप्प्यांत, चार अक्षरांची कसलीही नावे देऊन ठेवलेली असतात. खरी नावे वेगळ्या यादीत असतात. बाजारच्या गाण्याच्या फायलीतच त्याचे नाव लिहिलेले असते, पण घरी कॅसेटवरून उतरवलेल्या फायलींत कोण लिहिणार? यादी नेमकी त्या तीन हजार कप्प्यांत सापडली. हाती आल्या ७६ फायली, कॅसेटच्या प्रत्येक बाजूची एक, सगळ्या निनावी. कॅसेटच्या वेष्टणावर गुरुजींनी बॉलपेनने बाईचे नाव, वस्ती, तारीख लिहिली होती. ती वेष्टणे कॅसेटबरोबरच गेली.

या ठिकाणी मला हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामाची आठवण झाली. पुण्यात राहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर सूची उभी केली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या प्रसिद्ध होत आहेत. त्या कामात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव यांची जोड कटाक्षाने ठेवलेली आहे. माध्यमे बदलली, पण ती जोड तुटू दिली नाही. आपण डिस्क, कार्ड, गिगाबाइट यांची चिंता करतो आणि चिठ्ठीची करत नाही.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी मी पुन्हा आसेगावला गेलो. नक्कल एव्हाना तीन ठिकाणी ठेवली होती, कारण फ्लॅशही अमर नाही. बेटावरचे इलेक्ट्रॉन वर्षांगणिक हळूहळू गळतात आणि कपाटात पडून राहिलेले कार्ड दहाएक वर्षांनी दगा देऊ शकते. गुरुजींनी ओसरीवर गावातल्या तीन-चार म्हाताऱ्या बायकांना बोलावले होते. वादकाला लहान ध्वनिवर्धक जोडला. गुरुजी शाळेची जुनी हजेरीवही घेऊन बसले. फाईल लावायची, ऐकायचे, आणि क्रमांकासमोर नाव लिहायचे.

पहिल्या दोन फायली कोणाला ओळखू येईनात. तिसरी लावली. जात्याची घरघर, मागे कुठेतरी कोंबडा, आणि एक बारीक, किंचित घोगरा आवाज. एक आजी पदर तोंडाला लावून पुढे सरकल्या. "हे त माही जाऊ व्हय!" त्या म्हणाल्या. गुरुजींनी नाव लिहिले. मग आजींनी तारीखही सांगितली. आकड्यांत नव्हे, पुतणीच्या हळदीच्या आदल्या सांजेची म्हणून. गुरुजींनी तेही तसेच लिहून घेतले.

त्या दिवशी १९ फायलींना नावे मिळाली. पुढच्या महिन्यात आणखी २६. उरलेल्या ३१ फायलींतल्या बऱ्याच बायका शेजारच्या वस्त्यांवरच्या असाव्यात, असा गुरुजींचा अंदाज आहे. वादक पिशवीत घालून ते आता तिकडे जाऊ लागले आहेत.